म्हशींनी बांधलेलं तळं

काहीही विचारा, इंझोरीची म्हशीवाली मावशी जवळच्या म्हशीच्या पाठीवर फाडकन थाप मारायची. "मले काय इचारता? इले इचारा!" थापेसरशी उडालेली धूळ थेट वाशीमच्या स्टेशनात उतरायची, तीही बिनतिकीट.

मी तेव्हा ओव्हरसियर साहेबांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढायचो. इंझोरीच्या माळावर आम्ही तळ्याची जागा पाहायला गेलो. साहेबांनी मुरमाच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतलं. जमिनीने ते गटकन पिऊन वर ढेकर दिला. मी या कानांनी ऐकला. साहेबांनी वहीत लिहिलं : पाणी टिकणार नाही.

शेजारी उभ्या मावशीचा चेहरा उतरला. उन्हाळाभर म्हशी दोन कोस नदीवर न्याव्या लागत. आदल्या वैशाखात तिची गाभण म्हैस वाटेतच बसली, ती उठलीच नव्हती. बाराच्या अकरा झाल्या होत्या.

"पानी काहून थांबत नाही, साहेब?"

"तळाला चिकण गाळ हवा, बाई. शंभर गाड्या गाळ आणणार कोण?"

"गाड्या कायले? ह्या अकरा हायेत ना!"

साहेब हसले. म्हणून मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मावशीने म्हशी नाल्याच्या काळ्या गाळात लोळवल्या आणि तशाच लडबडलेल्या माळावर नेऊन खड्ड्यात घातल्या. अंगावरचा गाळ तिथे गळायचा, चव्वेचाळीस खूर तो मुरमात ठोकायचे. रोज.

"मावशे, म्हशी येड्या झाल्या का तू?" गाव विचारायचं.

"इले इचारा!"

तीन पावसाळे असे गेले. चौथ्या वैशाखात आम्ही परत गेलो, तर माळावर पाणी! काठाला लव्हाळा, त्याच्या मुळांनी काठ घट्ट आवळलेला. बगळे इतके की साहेबांना आधी कापसाचं शेत वाटलं. आणि म्हशी अशा फुगलेल्या की एक आत शिरली की तळं एक वीत वर यायचं.

साहेबांनी वहीतली जुनी ओळ खोडली. "मावशी, बांधणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मावशीने थाप मारली. साहेबांनी मुकाट्याने लिहिलं : अकरा म्हशी. हातात मोजणीची साखळी होती, पण माझी छाती त्या दिवशी तिच्यात मावेना.

मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. ज्येष्ठात पाणी उतरलं की तळाशी म्हशींच्या बसण्याचे अकरा खळगे दिसतात. काठावर बारावा, लहानसा. तिथे मावशी बसायची. मी मोजणीतला माणूस. काठ उंच आहे, तिथे पाणी उरायला नको. पण ओंजळभर उरतं. म्हशी आधी ते हुंगतात, मग तळ्यात उतरतात.