चूक लिहिणाऱ्याची

सांगितल्याशिवाय कोणालाही काहीही कळत नाही, यावर माझ्या आतेभावाइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस साऱ्या पेडणे तालुक्यात झाला नसेल. मी इब्रामपूरला त्याच्या घरी राहायला गेलो की सकाळी पाववाल्याकडे, म्हणजे पोदेराकडे, मला रस्त्यावर पिटाळताना तो बजावायचा, "पोदेराकडसून उंडे घे. उंडे नसले तर पोई घे. पोई नसली तर रिकामो ये. बिस्किटां हाडू नको." मी चपला घालून उंबऱ्यापाशी पोचलो की मागून प्रश्न यायचा, "पोदेर आयलोच नाय तर?" "वाट बघतलंय, दादा." "किती येळ?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, डिचोलीच्या बाजारात माझं स्वतःचं दुकान, आणि हा मला पावासाठी तोंडी परीक्षेला बसवतोय.

डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपात यंत्रं कशी चालवावीत याची माहितीपत्रकं तो लिहायचा. खाणी बंद पडल्या, नोकरी गेली. पुढे एआय एजंट बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला घरबसल्या काम दिलं, ते याच खोडीच्या जोरावर. एआय एजंट म्हणजे, मला कळलं तेवढं सांगतो, काम सोपवलं की आपल्या मतीने ते पार पाडणारा संगणकातला नोकर. त्याच्या हाताशी सॉफ्टवेअरची जी अवजारं द्यायची, त्यांची माहिती आतेभाऊ लिहायचा: हे काय करतं, याला काय पुरवावं लागतं, आणि केव्हा याला हातसुद्धा लावायचा नाही. मग त्या नोकराला लुटुपुटीची कामं देऊन, ती माहिती वाचून अवजारं तो नीट वापरतो का, ते तपासायचा. गावात एजंट म्हणजे पासपोर्ट करून देणारा. त्यामुळे एकदोघे कागदपत्रं घेऊन त्याच्या ओसरीवर येऊन बसले, आणि कागद कोणत्या क्रमाने लावावेत हे त्याने त्यांनाही तासभर समजावलं.

हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एकाचं बुकिंग रद्द करण्याचं अवजार त्याच्याकडे आलं होतं. तपासणीत त्याने एजंटाला सांगितलं, उद्याचा पाहुणा येत नाही, त्याचं काय ते बघ. त्या शहाण्याने सबंध सीझनची बुकिंगं रद्द केली आणि वर नम्रपणे कळवलं, काम झालं. बुकिंगं खोटी होती म्हणून बरं. मी पोट धरून हसलो. "तुझो नोकर गाढव आसा!"

तो हसला नाही. "गाढव मी. एकच रद्द करूचा की सगळा, ह्या मी लिवलंय खंय? वापरणारो चुकलो तर चूक लिवणाऱ्याची." आणि जेवणाचं ताट सरकवून तो ते पुन्हा लिहायला बसला. हे वहिनीला सवयीचं होतं. ती ताट झाकून ठेवायची.

मग त्याचं पोट दुखू लागलं, आणि तपासण्यांनंतर त्या दुखण्याचं नाव कळलं. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून काय ते सांगितलं, आणि ती आत येताच तिचा चेहरा बघून ते त्यालाही कळलं. सांगितल्याशिवाय कळलेली ती बहुधा त्याच्या आयुष्यातली पहिली गोष्ट. त्याने कंपनीचं काम सोडलं आणि घराचं हाती घेतलं. मूलबाळ नाही. पंप, इन्व्हर्टर, बँकेचं ॲप, सगळं आजवर त्याच्याच ताब्यात. आपल्या मागे वहिनीला विहिरीचं पाणीसुद्धा काढता आलं नाही, तर ती घर सोडून भावाच्या दारात जाऊन पडेल, ही एकच धास्ती त्याने घेतली होती.

विहिरीवरच्या पंपाचा कागद त्याने भिंतीवर चिकटवला. आधी पंपात पाणी भरायचं, हवा काढायची, झाकण आवळायचं, व्हॉल्व्ह बघायचा, मग बटण. परीक्षेपुरता मेन स्विच बंद, म्हणजे चुकलं तरी काही जळायला नको. त्याच्या धंद्यातली रीतच ती. त्याला खुर्चीसकट उचलून विहिरीपाशी ठेवावं लागे. "चल गो, दाखय." वहिनी जायची आणि पाणी न भरताच बटण दाबायची. नापास. तो नवा कागद लिहायचा. पुढच्या वेळी ती पाणी भरायची आणि झाकण विसरायची. पुन्हा नापास, पुन्हा नवा कागद. "तुमी नीट लिवणत नाय, तर माका कळतला कसा?" असं वर तीच भांडायची.

मला संताप यायचा. माणूस काडी काडी झिजतोय आणि ही बाई एक पंप शिकत नाही! ती गुरांकडे गेल्याचं बघून एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"तिका सगळा येता," आतेभाऊ म्हणाला. "पयल्याच दिसा आयला. ज्याका कळणा नाय, तो तीच चूक परत परत करता. ही एक सुधारता आणि दुसरी काढता. मुद्दाम, येवजून चुकता ती."

"मग तू लिवत कित्याक बसतंस?"

"चूक लिवणाऱ्याची ना? ती नापास आसा तोवर माका काम आसा. तिका वाटता, काम अर्ध्यार टाकून मी जावचंय नाय."

तेवढ्यात वहिनी आली, तिने पदर खोचला, आणि माझ्यादेखत व्हॉल्व्ह उलटा फिरवला. त्याने कपाळाला हात लावला आणि कागद मागितला. दोघांचाही अभिनय इतका वाईट होता की मला तिथे उभं राहवेना.

काम अर्ध्यावर टाकून तो गेलाच. बाराव्याला घर पाहुण्यांनी भरलं आणि दुपारी टाकी रिकामी झाली. मी पंपाकडे धावलो, तर वहिनी तिथे आधीच पोचलेली. तिने पाणी ओतलं, हवा काढली, झाकण आवळलं, व्हॉल्व्ह बघितला आणि बटण दाबलं. भिंतीवरच्या कागदाकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

पाणी टाकीत पडू लागलं तेव्हा तिला मी दिसलो. "भावजी, माका येता," ती म्हणाली. "तेंका एकदा तरी दाखवूक होया होता."

"दादाक म्हायत होता, वैनी."

"म्हायत होता? आणि तरी लिवत रवले?"

"तुमी चुकत रवलात, म्हणान."

इतके दिवस तिच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलं नव्हतं. ती विहिरीच्या कठड्यावर बसली आणि मोठ्याने रडली. मीही रडलो. टाकी भरून वाहायला लागली, तेव्हा तिनेच उठून पंप बंद केला.