शिरा नको म्हणणारा भाडेकरू

खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून बघायचा. टोरोंटोतल्या आमच्या एटोबिकोच्या घराचं बेसमेंट भाड्याने बघायला आला, तेव्हाही आधी खुर्ची हलवली, मग बसला. "सवय आहे, मावशी. विमानतळावर चाकं तपासतो ना." मूळचा वसईचा, पन्नाशी उलटलेला, एकटा. माझ्या खुर्चीवर संशय घेणाऱ्या माणसावर मी संशय का घेऊ नये?

शिरा केला की मी वाटी खाली न्यायची. तो हात जोडायचा.

"नको, मावशी. मावणार नाही."

"पोटात जागा नाही?"

"पोटात आहे. दुसरीकडे नाही."

हे काय उत्तर झालं? मला वाटलं, माझ्या हातचं चालत नसेल. त्यात उन्हाळ्यात सारखा युरोपला जायचा, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक धूड घेऊन. बसलेल्या माणसाएवढं. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही नको ते सुचलं असतं. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, प्लीज, त्याला प्रायव्हसी आहे." मी म्हटलं, प्रेताला असते का रे प्रायव्हसी?

एका रविवारी कपडे धुवायला खाली गेले. त्याचं दार उघडं. हा जमिनीवर त्या धुडाच्या खळग्यात पाय पसरून बसलेला, डोळे मिटलेले, रिकाम्या हातांनी स्टिअरिंग धरल्यासारखं.

"अरे, माझ्या घरात हे काय चाललंय?"

"मावतोय का बघतोय, मावशी."

मग सगळं सांगितलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटारशर्यतीत धावणाऱ्या, एकच माणूस बसेल अशा गाड्या जुन्या झाल्या की निवृत्त करतात. युरोपात त्यांच्या वेगळ्या शर्यती भरतात. वसईची वाडी विकून आलेले पैसे भरून हा तिकडच्या एका मालकाची गाडी त्यात चालवायचा. धूड म्हणजे त्याची सीट, त्याच्याच अंगाच्या मापाने ओतलेली. जरा जाड झाला की आत बसता येणार नाही.

"ह्या वयात एकदा बाहेर पडलो, तर परत कोण घेणार?"

माझा विश्वास बसला नाही. फोटो मागितला. त्याने दाखवला.

"हेल्मेटमध्ये कोणीही असेल. हा तूच कशावरून?"

"मान बघा ना, मावशी! वळणांवर डोकं सावरून सावरून अशी झालीय." मान खरंच बैलासारखी होती.

मागच्या पानगळीत तो परत आला तो मानेला पट्टा बांधून. थेट वर आला आणि खुर्ची न हलवता बसला.

"मावशी, शिरा आहे?"

मी रवा भाजायला घेतला. वाटी पुढे ठेवली. त्याने संपवली. दुसरी घेतली.

"गाडी आपटली?"

"गाडी ठीक आहे. डॉक्टर म्हणाला, ही मान पुन्हा त्या गाडीत न्यायची नाही."

"कधीच?"

"साखर कमी पडलीय, मावशी."

"गप खा."

थंडी सुरू व्हायच्या आत तो हॅलिफॅक्सला बहिणीकडे राहायला गेला. सीट इथेच ठेवून गेला. "टाकून द्या," म्हणाला. मुलाचे मित्र येतात तेव्हा तिच्यात बसून बघतात. कोणाचे खांदे अडकतात, कोणाचं ढुंगण. एकजण मावेल तर शपथ. मी तिच्यात कांदे-बटाटे ठेवते.

मधूनमधून त्याचा फोन येतो.

"सीट टाकलीत ना, मावशी?"

"टाकली."

"नक्की?"

बघा, अजून हलवून बघतोच.