चुकांचा खेळ

जिंतूरला आमच्या कचेरीतले एक कारकून नवनवे खेळ रचायचे आणि जेवणाच्या सुट्टीत ते आमच्यावर तपासून बघायचे. त्यांचं बोलणं नेहमी "म्हणजे कसं हाय"पासून सुरू व्हायचं.

एकदा त्यांनी कचेरीतल्या हुद्द्यांच्या चिठ्ठ्या केल्या. ज्याला जी निघेल, त्यानं तो माणूस व्हायचं. साहेबही हौसेनं बसले. त्यांना 'शिपाई' निघाली आणि आमच्या शिपायाला 'साहेब'.

शिपाई साहेबांसाठी ठेवलेल्या हाताच्या खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, "चहा आणा."

साहेबांचे कान लाल झाले. कारकुनांनी घाईनं चिठ्ठ्या गोळा केल्या. "म्हणजे कसं हाय, खेळात अजून लय चुका हायत. बंद करू."

साहेब आत निघून गेले. शिपाई उठायला लागला, तोवर कारकून स्वतःच चहा घेऊन आले.

"बसा साहेब," ते त्याला म्हणाले, "घाई न्हाई."