दारावरचा दवणा

२००८च्या मंदीत नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला आणि आम्ही दुबईतलं अल मनखूल सोडून स्वस्तातल्या इंटरनॅशनल सिटीत राहायला गेलो. शेजारी चिनी कुटुंब. नवरा-बायकोचं ड्रॅगन मार्टमध्ये दिव्यांचं दुकान, घरात म्हातारी सासू. दारावर कसल्याशा रानपाल्याची वाळकी जुडी टांगलेली. वास मात्र थेट दवण्याचा!

चैत्र आला. आमचं कुलदैवत जोतिबा, त्याला दवणा हवाच. दुबईत सोनं हवं तेवढं मिळतं, दवणा मिळत नाही. शेवटी शेजारच्या जुडीतली एक काडी मी हळूच मोडली, तोच दार उघडलं. समोर म्हातारी. मी काडी मुठीत लपवली. दुसरा हात नकळत पोटावर गेला. महिन्यापूर्वीच, दुसऱ्यांदा, ते रिकामं झालं होतं.

म्हातारीला वाटलं, मी औषधालाच आलेय. तिनं मला हाताला धरून आत नेलं, पाला चुरून त्याची कांडी वळली, पेटवली आणि एक हात माझ्या पोटावर ठेवून बेंबीखाली दुरून शेक देत राहिली. सुनेनं बाजारातल्या हिंदीत सांगितलं, “मम्मी बोलता, तेरा पेट ठंडा. पुराना पत्ता अच्छा. नया कच्चा, तीन साल रखने का.”

पुण्याहून आई फोनवर म्हणायची, “उष्णता बाधली तुला, पपई खाल्लीस ना?” कुणाचं खरं मानायचं? पण त्या शेकानं मला रडू कोसळलं. पोटाची चौकशी सगळ्यांनी केली होती, हात कुणीच ठेवला नव्हता.

मग मी रोज जाऊ लागले. जूनमध्ये त्यांचा सण आला. म्हातारीनं ताजी जुडी माझ्याही दारावर बांधली, तीन बोटं दाखवली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

पुढे त्यांचं दुकान बसलं. एके सकाळी दाराला कुलूप. न सांगता गेले, याचा मला भयंकर राग आला. मग कळलं, आपल्याला जावं लागणार हे त्यांनाही आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आम्ही पुण्याला परतताना नवरा म्हणाला, “अगं, टाक ती जुडी. कस्टमवाले गांजा समजतील!” मी साड्यांच्या घडीत लपवून आणली. तीन वर्षं कधीच उलटली. एकदा कांडी वळून बसलेही, पण स्वतःच्या पोटाला स्वतः शेक देववेना. म्हातारीचं खरं मानलं तर पाला दरवर्षी जास्त गुणकारी होतोय. माझं आई होण्याचं वय मात्र निघून गेलं. तरी जुडी टाकवत नाही.