भित्रे मामू आणि पांढरी सेडान

मामूंइतका भित्रा माणूस मी आमच्या भिवंडीत दुसरा पाहिला नाही. रस्ता ओलांडताना ते शेजारच्या अनोळखी माणसाचाही हात धरायचे. रिक्षात बसले की डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहायचे. तरीही जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आमची अख्खी आळी त्यांनाच घेऊन जायची. त्यांचं अर्धं आयुष्य कापडाचे लूम दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि उरलेलं भाच्याच्या गॅरेजात. "गाडी घाबरूनच बघायची," ते म्हणायचे. "आवडली का डोळे गेले समज."

इंजिन गार असलं पाहिजे, हा त्यांचा पहिला नेम. दहाला बोलावलं असेल तर मामू साडेनवालाच विकणाऱ्याच्या दारात हजर, आणि सलाम-नमस्काराच्या आधी हात बॉनेटवर. ते गरम लागलं की मामूंच्या तोंडचं पाणी पळायचं. "सकाळी चालू होताना काय आवाज करते, ते आपल्याला ऐकवायचं न्हाय," असं माझ्या कानात सांगून ते माघारी वळायचे. विकणारा "अहो, फक्त सावलीत घेतली" म्हणत मागे आला, की मामू आणखीच भरभर चालायला लागत.

खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. ते पत्र्यावरून हलकेच फिरवायचे. जिथे चिकटेना तिथे पोचा बुजवायला आत पुट्टी भरलेली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचे, कारण पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या तळाशी गाळ राहतो. एकदा खरंच तसा गाळ निघाला, तेव्हा मालकाला जाब विचारायचं सोडून मामूच "या अल्ला" म्हणत चार पावलं मागे सरले. आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्यांची आणखी एक ताकीद होती. "बघायला जाताना नारळ-हार न्यायचा न्हाय. नारळ फुटला का मग नको म्हणायची हिंमत कुणाला होत न्हाय." शाळेत पोरांना शहाणपण शिकवणाऱ्या मी नेमकं तेच होऊ दिलं.

बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीनदा ठाण्याला जावं लागे. रिक्षातून उतरतानाचा त्यांचा चेहरा मला पाहवत नसे. गुडघा वाकत नसल्यामुळे गाडी आली की ते पुढच्याच सीटवर बसणार, हेही ठरलेलं. काल्हेरच्या एका गृहस्थांची पांढरी सेडान मला फोटोतच आवडली. दिवस चांगला आहे म्हणून आईने नारळ, हार, पेढे घेतले आणि मामूंसह आम्ही सगळे निघालो.

इंजिन गार होतं. चुंबक सगळीकडे चिकटलं. मग मामूंनी किल्ली अर्धी फिरवली आणि तसेच थांबले. समोरचे सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागला नाही. "तो आधी लागायला पायजे आणि मग विझायला पायजे," ते कुजबुजले. "हा लागतच न्हाय, म्हंजे कुणीतरी काढून टाकलाय. फुगा कधीच फुटून गेलाय. गाडीनं मोठी ठोकर खाल्लेली हाय." तेवढ्यात बाहेर नारळ फुटला. आईने बॉनेटवर कुंकू लावलं, मालकीणबाई पेढे वाटू लागल्या. चार माणसांत मामूंना मोठ्याने बोलता येत नसे. पांढरेफटक पडून त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, "मास्तर, नको."

मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून सगळ्यांना म्हणालो, "चला, एक चक्कर मारून येऊ."

बाबा पुढचं दार उघडत होते. मामूंनी त्यांना थांबवलं. "भाऊ, तुम्ही पाठी पाय लांब करून बसा," असं म्हणून ते स्वतः पुढे बसले. त्यांना पुढच्या सीटवर मी तेवढं एकदाच पाहिलं.

हायवेवर पडघ्याच्या दिशेने मी वेग घेतला. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. मीही मारला, तशी गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडे, उभ्या कंटेनरवर ओढली गेली. स्टिअरिंग मला आवरेना. आई किंचाळली. गाडी थांबली तेव्हा मामूंची खिडकी आणि कंटेनर यांच्यात जेमतेम हात शिरेल एवढी जागा होती. मामूंचा पायजमा ओला झाला होता. मागच्यांना दिसू नये म्हणून मी माझी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

मग ते म्हणाले, "मास्तर, मगाशी मी नको म्हटलं. तुला ऐकू आलं ना?"

मागे आई-बाबा बसले होते.

"नाही, मामू," मी म्हणालो.

ते मान हलवत राहिले. "म्हणजे माझा आवाजच फुटला न्हाय."

गाडी आम्ही त्याच दिवशी परत केली. त्यानंतर मामूंनी कुणाचीच गाडी पाहिली नाही. कोणी बोलवायला आलं की म्हणायचे, "वेळेला माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाय. माझ्यापायी कुणाचं घर बुडेल." मी तिथेच चहा पीत बसलेला असायचो. खरं सांगायचं कितीदा ठरवलं, पण माझी जीभ उचलत नसे. लाज वाटायची, त्याहून जास्त भीती वाटायची.

गेल्या वर्षी मामू गेले. माती देऊन परतताना त्यांचा जावई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अब्बा शेवटपर्यंत म्हणत होते, मास्तरच्या बापाला त्या दिवशी मीच मारला असता." मी तेव्हाही गप्प राहिलो.