न चाखलेला दुधी

"रस काढण्याआधी दुधी चाखला होता का?" अंबरनाथच्या हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझ्या नवऱ्याने, विलासने, माझ्याकडे पाहिलं. सासरे आत आयसीयूत होते. दोन दिवसांनी ते गेले... त्याला आता महिना होऊन गेला.

सासऱ्यांना आमचं सगळं कात्रप गाव 'दादा' म्हणायचं. गेलेल्या माणसाचं चांगलं सांगावं म्हणतात, तर ते आधी सांगून टाकते: ते वेळेचे पक्के होते. भातशेतीच्या जागी इमारत उभी राहिली, हुकूम सोडायला गडी उरले नाहीत, तेव्हा दादांनी सगळं लक्ष माझ्यावर वळवलं. त्यांना शुगर निघाली तसा उल्हासनगरहून ज्यूसर आला. दुकानदाराने दाखवलं तसं मी करायची. सगळं मिठाच्या पाण्यात धुवायचं, आवळ्याच्या बिया काढायच्या, गाजराचे लांब तुकडे करायचे, पालक एकटा टाकायचा नाही, काकडीबरोबर ढकलायचा, नाहीतर जाळी चोंदते. ग्लासभर रस आणि परातभर चोथा. तो चोथा थालीपिठात घालून मी खायचा, हाही दादांचाच नियम. कारल्याच्या दिवशी घरात सगळ्यांना अर्धा अर्धा ग्लास. कोणी तोंड वाकडं केलं की, "औषध हाय ता. गप पी." माझी मुलगी एकदा ओकली, तर तिला पुन्हा ग्लास भरून द्यायला लावला... आणि मी तो भरला. ते मी त्यांना माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही.

माझं माहेर मोरिवलीचं. काकडी असो की दुधी, देठाकडची चकती आधी जिभेला लावायची आणि मगच पुढे चिरायचं, ही सवय आईने लावलेली. एका रविवारी नणंदेच्या सासरची माणसं बसली असताना दादांनी मला चकती चाखताना पाहिलं. "काय गो, माझ्या अगोदर तू उष्टावतेस? देवाचा निवद पन चाखून ठेवतेस काय?" सगळे हसले. विलासही हसला. त्यानंतर ज्यूसरमध्ये जाणारी एकही वस्तू मी चाखली नाही. इतकी आज्ञाधारक सून शोधून सापडायची नाही.

त्या सकाळचा दुधी चिखलोलीला आमच्या उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावरचा, दादांनीच लावलेल्या वेलाचा. दिसायला कोवळा, नख लावलं की आत जाणारा. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा असा आक्रसला की मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते, फार बरं वाटलं. ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, "आज लईच कडू लागतो गो." कडू निघालेला दुधी टाकून द्यायचा, गुरांनाही घालायचा नाही, तो विषारी असतो, हे आईने शंभरदा सांगितलेलं. तेवढंच मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "औषध आहे ना ते, दादा?" समोर दप्तर भरणारी माझी मुलगी खुदकन हसली. तिच्यापुढे माघार घेणं दादांना जमणारं नव्हतं. एका दमात त्यांनी ग्लास संपवला आणि माझ्यासमोर उपडा धरला. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, मग रक्त...

डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, "चाखायला त्यांनीच मनाई केली होती." विलासने मान डोलावली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या सकाळी तो बेसिनपाशी दाढी करत होता आणि माझं ते "औषध आहे ना" त्याने ऐकलं होतं की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तेराव्यानंतर विलासने स्वतःच ज्यूसर पुसून ओट्यावर ठेवला. शुगर त्यालाही आहे. आता मी सगळं चाखते, अगदी गाजरसुद्धा, आणि त्याला दिसेल असं चाखते. रस काढून ग्लास त्याच्यापुढे ठेवते. तो एका बोटाने ग्लास माझ्याकडे सरकवतो. मी अर्धा पिते. तो पेपर उघडतो, दोन पानं सावकाश वाचतो, मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघतो... आणि मग माझं उष्टं पितो.