कशानेच भाग न जाणारा नंबर

निजामपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांना गाडीचा नंबर दिसला की त्याचे अवयव पाडल्याशिवाय राहवत नाही. नव्वदनंतर गाड्या वाढल्या, तसा त्यांना जोरच चढला. माझ्या स्कूटरचा नंबर ९८०१, म्हणून रोज सकाळी ओरडणार, "नव्याण्णवचा वर्ग निघाला!" मला कौतुक वाटायचं. आता डोकं फिरतं.

वाघोडियाकडे जाणाऱ्या ट्रकनं नाक्यावर माझ्या भावाला उडवलं, तेव्हा काका तिथेच उभे होते. पोलिसानं नंबर विचारला, तर गुजरातीत म्हणाले, "ना भाई, ध्यान नहोतुं." म्हणे लक्षच नव्हतं!

परवा भावाला बघायला आले. त्याच्या प्लास्टरकडे बघत, चहा फुंकत म्हणाले, "त्या ट्रकचा नंबर मूळ संख्या होता बरं का! कशानेच भाग जात नाही."

"काका, किती होता?"

"जाऊ दे रे. कोर्टात खेटे कोण घालणार?"

मी त्यांच्या हातातली भरलेली कपबशी काढून घेतली.